कोपी रात्री का रडते?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात फिरलात, तर रस्त्याला एकच दृश्य दिसतं. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, कुठूनही बघा. ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या, त्यांत ज्वारी-बाजरीची पोती, भांडीकुंडी, शेरडं, कोंबड्या, लेकरं, म्हाताऱ्या, आणि सगळ्यांच्या वर दोरीनं आवळलेली प्लास्टिकच्या कागदाची गुंडाळी. ऊसतोड कामगाराचं पुढच्या पाच-सहा महिन्यांचं घर त्या गुंडाळीत असतं. सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटकातल्या बेळगावकडे ट्रॉली जाते, कारखान्याच्या किंवा फडाच्या जवळ कुठंतरी मोकळ्या रानात थांबते, आणि संध्याकाळच्या आत तिथं कोपी उभी राहते.

अमेरिकेत आणि युरोपात लोक हौसेनं चाकांवरचं घर घेऊन फिरतात. त्याला ते आरव्ही म्हणतात. आत पलंग, शेगडी, न्हाणी, सगळं. या लोकांची एक तक्रार ठरलेली असते. सकाळी उठावं तर काचांवरून पाणी ओघळतंय, गादीच्या खालची बाजू ओली आहे, कपाटात बुरशीचा वास आहे. त्यावर ते पंखे बसवतात, ओल शोषणारी यंत्रं लावतात, क्षाराच्या पुड्या ठेवतात. ते सुट्टीवर असतात आणि आमची माणसं मुकादमाच्या उचलीवर असतात, एवढा मोठा फरक आहे. पण लहान जागेत माणसं झोपली, आत स्वयंपाक झाला आणि बाहेर थंडी पडली की ओल धरायचीच. ती कोणाच्या खिशाकडं बघत नाही.

माझ्या फुफीनं आणि फुफानं चौदा हंगाम कृष्णाकाठच्या पट्ट्यात ऊस तोडला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तिकडचा हिशेब. कॉलेजात असताना आणि नंतर नोकरीला लागल्यावरही मी त्यांच्या अड्ड्यावर जाऊन राहायचो, कधी दोन रात्री, कधी चार. डिसेंबरच्या एका पहाटे कपाळावर थेंब पडून मी जागा झालो. पाऊस नव्हता, वर चांदणं टिपूर होतं. कोपीच्या कागदाला आतून थेंबांची रांग लागली होती आणि एकेक थेंब घरंगळत वाकळेवर पडत होता. फुफी केव्हाच उठलेली. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि सहज म्हणाली, “रातकू कोपी रोती, बेटा.” रात्री कोपी रडते. चौदा वर्षांत तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मला मात्र ते वाक्य सोडेना. कोपी रडते म्हणजे हे पाणी येतं कुठून?

अड्ड्यावर विचारलं तर दोन उत्तरं मिळायची. एक, जमीन ओली आहे, पाणी खालून येतं. दुसरं, दव वरून पडतं आणि कागदातून झिरपतं. पुरुष मंडळींकडं तिसरंही उत्तर होतं, बायकांनी कोपी नीट झाकली नाही. पहिल्यात थोडं तथ्य आहे. काळ्या रानात, पाटाच्या कडेला कोपी असेल तर जमिनीची ओल वर येतेच. दुसरं खरं नाही. प्लास्टिकमधून पाणी झिरपत असतं तर त्याची पावसात पाण्याची पिशवी कोणी केली नसती. तिसऱ्याबद्दल पुढं बोलू.

विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या डॉक्टरनं 1814 साली लंडनमध्ये दवावर एक निबंध छापला. त्याआधी दव आकाशातून पडतं असंच बहुतेकांना वाटायचं. वेल्सनं रात्री उघड्यावर लोकरीचे पुंजके ठेवून, ते तोलून दाखवलं की निरभ्र रात्री उघड्या वस्तू आपली ऊब आकाशाकडं सोडतात, आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतात, आणि मग हवेतली वाफ त्यांच्यावर पाणी होऊन बसते. कोपीचा कागद ही अशी वस्तू आहे. पातळ असल्यामुळं ऊब धरून ठेवत नाही. ढग नसलेल्या रात्री तो झपाट्यानं गार होतो. बाहेरून त्याच्यावर बाहेरच्या हवेचं दव बसतं आणि आतून, आतल्या हवेचं. आतलं जास्त असतं, कारण आतल्या हवेत पाणी जास्त असतं.

ते पाणी आपलंच असतं. झोपलेला माणूस श्वासातून आणि अंगातून तासाला साधारण 30 ते 50 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. कोपीत आई-बाप, दोन लेकरं आणि एक म्हातारी धरा. आठ तासांत दीड लिटरच्या आसपास पाणी झालं. आता कोपी केवढी? दहा बाय बाराची, मधोमध सहा फूट उंच, दोन्हीकडं उतरती. हिशेब केला तर आत जेमतेम 10 घनमीटर हवा मावते. 15 अंश तापमानाला एवढी हवा जास्तीत जास्त 130 ग्रॅम वाफ धरू शकते. म्हणजे अर्ध्या पेल्याची जागा आणि त्यात दीड लिटर पाणी ओतायचं! उरलेलं पाणी कुठंतरी जाणारच. ते कागदावर जातं, तिथून वाकळेवर येतं, पिठाच्या डब्यावर, शाळेच्या दप्तरावर येतं.

यात चुलीचं पाणी धरलेलं नाही. जळताना लाकडातून वाफही निघते. एक किलो वाळक्या लाकडातून जवळजवळ अर्धा लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, लाकूड ओलं असेल तर आणखी. गॅसचं तर त्याहून जास्त आहे. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. आता काही अड्ड्यांवर लहान सिलिंडर दिसतो. धूर नाही म्हणून बायांना बरं वाटतं आणि ते बरोबरच आहे, पण गॅस कोपीच्या आत पेटवला तर ओल वाढते. शिवाय पहाटे फडातून येणारे कपडे. उसाच्या पाल्यावर दव असतं. पहाटे तीन-चारला फडात शिरलेला माणूस उजाडेपर्यंत कमरेपर्यंत भिजतो. ते कपडे रात्री कोपीत दोरीवर टाकले की त्यांतलं पाणीही आतल्या हवेत येतं.

आता आमच्या गावाकडच्या घराकडं बघा. बीड जिल्ह्यातलं जुनं घर म्हणजे माळवद. जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर मातीचा थर. अशा घरात हिवाळ्यात छतातून थेंब पडल्याचं मी कधी पाहिलं नाही. त्याची कारणं दोन. एक, माती रात्रीची ओल पिते आणि दिवसा सोडते, आणि जाड असल्यामुळं एकदम गारही होत नाही. दुसरं म्हणजे साणं. माळवदाला चुलीच्या अंगाला वर एक भोक ठेवलेलं असतं. त्यातून उजेड येतो, धूर जातो, आणि धुराबरोबर वाफही जाते. पावसात त्यावर झाकण टाकायचं. आमच्या दादीच्या घरी ते झाकण म्हणजे फुटक्या रांजणाचा बूड होता.

कोपीतून या दोन्ही गोष्टी गेल्या. पूर्वी कोपी नुसत्या पाचटाची असायची. उसाच्या वाळक्या पाल्याचं छप्पर हवा आत-बाहेर जाऊ द्यायचं, ओल प्यायचं. पण अवकाळी पावसात ते गळायचं आणि ठिणगी पडली तर मिनिटांत पेटायचं. म्हणून प्लास्टिकचा कागद आला. त्यानं पाऊस अडवला आणि त्याचबरोबर माणसांचा श्वासही आत अडवला. साप-विंचवाच्या भीतीनं बाया कागदाच्या खालच्या कडा मातीनं दाबून टाकतात. थंडीच्या भीतीनं दार बांधतात. झाकपाक जितकी नीट तितकी कोपी जास्त रडते. पुरुष मंडळींच्या तिसऱ्या उत्तराचा हिशेब इथं लागतो. फुफी कोपी झाकण्यात कमी पडत नव्हती, ती फार चांगली झाकत होती.

गंमत अशी की त्या परदेशी गाड्यांच्या छतावरही झाकणाचं एक भोक असतं. स्वयंपाक करताना आणि झोपताना ते उघडं ठेवा, असं त्या लोकांना सांगितलं जातं. म्हणजे एवढ्या महागड्या गाडीला शेवटी आमचं साणंच बसवावं लागलं.

मग कोपीची ओल कमी करायला काय करता येईल? मी पाहिलेलं आणि हिशेबात बसणारं तेवढं सांगतो.

पहिलं, वर वाट ठेवायची. आढ्याच्या टोकाला, ज्या बाजूला वारा निघून जातो त्या बाजूला, हातभर रुंदीची फट ठेवून तिच्यावर कागदाचीच टोपी करायची, म्हणजे पाऊस आत येत नाही. समोरच्या बाजूला खाली दोन बोटांची फट ठेवायची आणि तिला डासाच्या जाळीचा किंवा बारीक तारेच्या जाळीचा तुकडा लावायचा. जाळीनं सापही अडतो. ऊबदार ओली हवा वरून जाते आणि खालून कोरडी येते. “बाहेर धुकं आहे, बाहेरची हवा घेऊन आत आणखी ओल होईल” असं कोणालाही वाटेल. पण तसं होत नाही. थंड हवा मुळातच पाणी कमी धरते. बाहेर 12 अंशांना दव पडत असलं तरी त्या हवेच्या एका घनमीटरात 11 ग्रॅमपेक्षा कमी पाणी असतं. तीच हवा आत येऊन 18 अंशांपर्यंत उबली की तिच्यात आणखी चार-पाच ग्रॅम पाणी घ्यायची जागा होते. धुक्याच्या पहाटेही बाहेरची हवा आतली कोपी वाळवते.

दुसरं, कागद आणि आकाश यांच्यामध्ये काहीतरी घालायचं. कागदाच्या वर, बाहेरून, चार बोटं जाड पाचट पसरून दोरीनं जखडलं की कागद आकाशाकडं ऊब सोडत नाही, गार होत नाही, आणि आतून थेंब धरायचं प्रमाण कमी होतं. पाचट फडात फुकट पडलेलं असतं. चूल मात्र मग लांब हवी. आगीची भीती असेल तर वीतभर अंतर सोडून वर दुसरा कागद ताणायचा. दव वरच्या कागदावर बसतं, खालचा कोरडा राहतो.

तिसरं, चूल बाहेर, आडोसा करून. हे बहुतेक जणी करतातच, वारा किंवा पाऊस असला तरच चूल आत येते. पण थंडीसाठी पेटती शेगडी आत घेऊन झोपायचं नाही. बंद कोपीत निखाऱ्याचा विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

चौथं, अंथरुणाखाली आधी कागद, त्यावर पाचट, मग वाकळ. खालचं पाचट पंधरा दिवसांनी बदलायचं, नाहीतर ते स्वतःच कुजतं. कोपीभोवती वीतभर खोल चर, म्हणजे पाटाचं, पावसाचं पाणी भिंतीला टेकत नाही.

मिठाचं भांडं, कोळशाची टोपली कोपऱ्यात ठेवली तर ओल जाते, असंही लोक सांगतात. मीठ ओल घेतं हे खरं, पण हवा बरीच दमट असेल तेव्हाच, आणि तेही थोडं. रोज रात्री दीड लिटर पाणी येणाऱ्या जागेत वाटीभर मिठाचं काही चालत नाही.

आता सगळ्यात स्वस्त उपाय. दुपारी कोपी उघडायची. आपल्या पठारावर हिवाळ्यातली दुपार हाडं वाळवील इतकी कोरडी असते. अकरा ते तीन दार आणि मागची बाजू वर गुंडाळली, वाकळा उन्हात टाकल्या, तर रात्रीचं सगळं पाणी निघून जाईल. यंत्र नको, वीज नको. एवढं सोपं असून ते होत नाही, कारण अकरा ते तीन कोपीत कोणी नसतं. आई-बाप फडात असतात, थोरली पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन फडाच्या बांधावर असते. मागं सामान आहे, पीठ आहे, कुत्री-डुकरं फिरतात, म्हणून कोपी दोरीनं घट्ट बांधून जावं लागतं. माणसं परत येतात ती दिवस मावळायच्या बेताला. गाडी भरायची असेल तर रात्रीसुद्धा. दार उघडतं तेव्हा ऊन गेलेलं असतं आणि दव पडायला लागलेलं असतं. कोपी दिवसभर उन्हात बंद आणि रात्रभर गारठ्यात भरलेली. तिला सुकायला वेळच मिळत नाही.

मला या ओलीत दिसतं ते हेच. पाणी मोजता येतं, हवा मोजता येते, पण त्यामागं तास आहेत. ज्याच्याकडं दुपारचे चार तास स्वतःचे आहेत, त्याचं अंथरूण कोरडं असतं. कोयत्याला ते तास विकलेले असतात, तेही हंगाम सुरू व्हायच्या आधी, उचल घेताना. म्हणून घरी कोणी नसतानाही काम करणारी गोष्ट हवी, म्हणजे वरची फट आणि खालची जाळी. माळवदाचं साणं घरात कोणी नसतानाही चालूच असायचं.

ओलीनं नुसती झोप मोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 साली घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर एक मार्गदर्शिका काढली. दमट, बुरशी धरलेल्या घरात खोकला, दमा आणि श्वासाचे आजार वाढतात, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. अड्ड्यावर रात्री लेकरांच्या खोकल्याचे आवाज एका कोपीतून दुसऱ्या कोपीत ऐकू येतात. जांघेतला, काखेतला नायटा तर तिकडं कोणी आजारातही धरत नाही.

एक गोष्ट बायका पुरुषांपुढं बोलत नाहीत. फुफीनं ती माझ्या बायकोला सांगितली, मला नाही. पाळीचं कापड. अड्ड्यावर आडोसा नाही, न्हाणी नाही, धुऊन उन्हात टाकावं तर चार लोकांची नजर. म्हणून ते कापड कोपीच्या आत, दुसऱ्या कपड्याखाली, अंधारात वाळत घालतात. जी कोपी स्वतः वाळत नाही, तिच्यात ते काय वाळणार? दुसऱ्या दिवशी तेच ओलसर कापड पुन्हा अंगाला. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याचा विषय राज्यभर गाजला, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या प्रश्नाला दवाखाने, पैसा, कामाची सक्ती, असे अनेक पदर आहेत आणि सगळं ओलीवर ढकलणं बरोबर होणार नाही. पण पोटात दुखणं, अंगावरून जाणं, खाज, या तक्रारी घेऊन जी बाई दवाखान्याची पायरी चढते, तिला कोणी एवढं तरी विचारावं, की बाई, तुझं कापड वाळतं कुठं?

उसाच्या पट्ट्यात सगळ्या गोष्टींचा करार होतो. किती टन, किती उचल, टनाला काय भाव, गाडी कोणाची, दंड किती. कोपीचा करार कोणी करत नाही. जागा मिळेल ती, कागद आपापला. ट्रॅक्टरच्या डिझेलचा हिशेब लिटरवर होतो आणि माणसं झोपणार कशाखाली, हा प्रश्न मुकादमाच्या वहीत येतही नाही. एका कोपीला दुसरा कागद, चार हात जाळी आणि कापडं वाळत घालायला पत्र्याचा एक आडोसा, ज्याला वरून ऊन लागेल पण बाहेरून दिसणार नाही. हा खर्च उचलीच्या रकमेपुढं काहीच नाही. साखर कारखान्याच्या आवारात ऊस सुकू नये म्हणून रात्रंदिवस धावपळ असते, कारण ऊस सुकला की वजन घटतं. माणूस सुकावा म्हणून मात्र कोणाची धावपळ नसते, कारण भिजलेल्या माणसाचं वजन कोणत्याच काट्यावर घटत नाही.

फुफी आता फडाला जात नाही, गुडघे गेले. तिचा थोरला मुलगा आणि सून जातात. गेल्या हंगामाला निघायच्या आधी मी त्यांना कोपीच्या आढ्याला फट कशी ठेवायची ते कागदावर काढून दाखवलं. फुफी शेजारी बसून बघत होती. म्हणाली, “ये तो अपने घर का साणा है.” सुनेनं विचारलं, त्यातून थंडी नाही का येणार? मी म्हटलं, थोडी येईल, पण कोरड्या वाकळेत सोसते, ओल्या वाकळेत सोसत नाही. तिनं मान डोलावली आणि जुन्या मच्छरदाणीचा एक तुकडा कापून भांड्यांच्या पोत्यात घातला.

तुमच्या गावातून टोळी निघत असेल, तर त्यांना निरोप द्या. मुकादम ओळखीचा असेल तर त्याला दुसऱ्या कागदाचं विचारा. आणि ऊसपट्ट्यात राहत असाल, तर तुमच्या बांधाला उतरलेल्या कोप्यांना दुपारी कोणी नसताना चार वाकळा उन्हात टाकायला तुमचं अंगण द्या.